डबक्यातली कलाटणी

मृगाचा पहिला जोरकस पाऊस रात्रभर कोसळून थांबलाय. मारेगावाबाहेर, वणी रस्त्यालगतच्या या वावरात काळी माती अशी चिकटतेय की चपला धुऱ्यावरच काढून ठेवल्यात. खोलगट भागात पाणी साचलंय आणि त्यात पिवळेधमक नर बेडूक गळ्याशेजारचे निळे फुगे फुगवून ओरडताहेत. एरवी हेच बेडूक मातकट हिरवे असतात.

एक जोडी अगदी हाताशी आहे. मादी थोराड, नर तिच्या पाठीवर, पुढच्या पायांची मिठी घट्ट. ती अंडी सोडते, तो त्याच क्षणी पाण्यात शुक्रजंतू सोडतो. स्टीलची ताटली अलगद खाली सरकवून मी थोडी अंडी उचलतो. भिंगाखाली प्रत्येक दाणा अर्धा काळा, अर्धा फिकट. सगळे कसेही पडलेले.

“काय पाहून राह्यले जी?” वावराचे मालक काका धुऱ्यावर थांबलेत.

“अंडी फिरतात ते, काका.”

“आपोआप?”

आपोआप नव्हेच. शुक्रजंतू अंड्याच्या काळ्या भागातून आत शिरला, की तिथे पेशीतल्या साठ्यांमधलं कॅल्शियम सुटतं. ते शेजारचा साठा उघडतं, तो पुढचा. वाळल्या गवताला एका टोकाला काडी लावावी तशी लाट अंडंभर सरकते. समुद्री अर्चिनच्या अंड्यात अर्ध्या मिनिटाचं काम, आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाच्या मोठ्या अंड्यात काही मिनिटांचं. अर्चिनच्या अंड्यात फलनावेळी कॅल्शियम मोकळं होतं, हे डॅनियल मेझियांनी 1937 मध्येच दाखवलं होतं. लाट प्रत्यक्ष दिसली ती 1978 मध्ये, मेडाका माशाच्या अंड्यात. त्यासाठी जेलीफिशमधलं एक्वोरिन टोचावं लागलं. कॅल्शियम भेटलं की ते प्रथिन उजळतं.

माझ्याकडे एक्वोरिन नाही, ताटली आहे. लाट दिसणार नाही, पण तिची करणी दिसेल. तिच्या मागोमाग अंड्याच्या सालीखालचे सूक्ष्म कण फुटतात, वरचं आवरण सुटून उचललं जातं, दुसऱ्या शुक्रजंतूला दार बंद होतं. आवरणाखाली पाणी भरलं की अंडं आत मोकळं होतं. मग जड बलकाची फिकट बाजू खाली जाते.

काका उकिडवे बसतात. बराच वेळ काहीच घडत नाही. पाठ भरून येते. मग कडेचा एक दाणा कलतो. त्याच्याजवळचे दोन. बघता बघता ताटलीत काळे ठिपकेच ठिपके.

“हे दोन पांढरेच राह्यले,” काका बोट दाखवतात.

“त्यांच्यापर्यंत शुक्रजंतू पोचला नसावा.”

“अन् याचे बेडूक व्हाले किती दिस लागते?”

“महिना तरी.”

काका डबक्याकडे बघतात, मग खांद्यावरच्या फावड्याकडे. “मंग कसं जमते जी? उद्या पानी काढून द्याच लागते. सरकी सडते ना.”