स्थानिक चाचणी सर्व्हरवरील लॉगिन स्क्रिप्टमधील त्रुटींचे निदान व निराकरण : पीएचपी व मायएसक्यूएलच्या संदर्भात

सारांश :
लॉगिन स्क्रिप्ट लिहिताना येणाऱ्या त्रुटींची कारणे बहुधा ठरावीक असतात व क्रमाने शोध घेतल्यास ती सापडतात. मात्र त्रुटीचा संदेश दिसेनासा होणे आणि दोष दूर होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात पीएचपी व मायएसक्यूएल यांच्या आधारे लिहिलेल्या लॉगिन स्क्रिप्टमधील प्रमुख त्रुटी, त्यांचे निदान आणि घाईने केलेल्या उपायांतून निर्माण होणारे धोके यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : लॉगिन स्क्रिप्ट, पीएचपी, मायएसक्यूएल, सेशन, पासवर्ड, चाचणी सर्व्हर.

प्रस्तावना :
संकेतस्थळावर येणारी व्यक्ती नेमकी कोण आहे, हे ठरविण्याचे काम लॉगिन स्क्रिप्ट करते. परीक्षेचा निकाल असो, पतसंस्थेतील खाते असो वा ग्रंथालयातील नोंद असो, प्रत्येकाची माहिती त्याच्यापुरती सुरक्षित राहणे या छोट्याशा स्क्रिप्टवर अवलंबून असते. संगणकशास्त्राचे अनेक विद्यार्थी आपल्या प्रकल्पाचा आरंभ याच स्क्रिप्टने करतात. त्यासाठी स्वतःच्याच संगणकावर चाचणी सर्व्हर उभारला जातो. अपाची हा वेब सर्व्हर, मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हा डेटाबेस आणि पीएचपी ही भाषा एकत्रितपणे देणारा झॅम्प हा संच २००२ पासून उपलब्ध असून या कामासाठी तो मोठ्या प्रमाणावर वापरला जातो.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने २०१० च्या सुमारास प्रकाशित झालेल्या पुस्तकातील लॉगिन स्क्रिप्ट जशीच्या तशी उतरवून घेतली आणि आजच्या संगणकावर चालविली. पुस्तकात तिचे यशस्वी चित्र छापलेले असते. पडद्यावर मात्र कोरे पान येते. उतरविताना चूक झाली असावी, असे समजून विद्यार्थी स्क्रिप्ट अक्षरशः ताडून पाहतो आणि ती बिनचूक निघते. अशा वेळी दोष बहुधा अक्षरांत नसून स्क्रिप्ट ज्या वातावरणात चालते त्यात असतो.

उद्दिष्टे :
१. लॉगिन प्रक्रियेचे टप्पे स्पष्ट करणे.
२. त्रुटी कोणत्या टप्प्यावर उद्भवली हे ओळखण्याची पद्धत सांगणे.
३. वारंवार आढळणाऱ्या त्रुटींची कारणे व उपाय विशद करणे.
४. फसव्या उपायांमुळे निर्माण होणारे सुरक्षेचे धोके दाखवून देणे.

लॉगिन प्रक्रियेचे टप्पे :
वापरकर्त्याला लॉगिन ही एकच क्रिया वाटते. प्रत्यक्षात ती पाच टप्प्यांची साखळी होय. पहिल्या टप्प्यात फॉर्ममधील नाव व पासवर्ड सर्व्हरकडे जातात. दुसऱ्या टप्प्यात स्क्रिप्ट डेटाबेसशी संपर्क साधते. तिसऱ्या टप्प्यात त्या नावाची नोंद शोधली जाते. चौथ्या टप्प्यात पासवर्डची पडताळणी होते. पाचव्या टप्प्यात सेशन सुरू होऊन वापरकर्ता पुढील पानाकडे पाठविला जातो. यांपैकी एकही कडी तुटली तरी वापरकर्त्याला परिणाम एकच दिसतो, तो म्हणजे लॉगिन न होणे. म्हणून साखळी नेमकी कोठे तुटली हे शोधणे, हे निदानाचे पहिले काम ठरते.

निदानाची पद्धत :
कोरे पान म्हणजे त्रुटी नाही असे नव्हे. त्रुटी दाखविण्याची सोय बंद आहे, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो. पीएचपीच्या मांडणी फाइलमध्ये त्रुटी पडद्यावर दाखविण्याचा पर्याय असतो. चाचणी सर्व्हरवर तो सुरू ठेवावा. हा पर्याय स्क्रिप्टमध्येच लिहून भागत नाही. कारण स्क्रिप्टच्या व्याकरणातच चूक असेल तर तिची एकही ओळ चालत नाही व तो आदेशही अंमलात येत नाही. मांडणी फाइल बदलल्यानंतर अपाची पुन्हा सुरू करणे आवश्यक असते. पडद्यावर काहीच दिसत नसेल तेव्हा सर्व्हरची त्रुटी-नोंदवही, म्हणजेच एरर लॉग, उघडून तिची शेवटची नोंद वाचावी.

त्यानंतर प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक तात्पुरता संदेश छापून पाहावा. तिसऱ्या टप्प्यापर्यंतचे संदेश आले व चौथ्याचा आला नाही, तर शोधाचे क्षेत्र काही ओळींपुरते मर्यादित होते. एका वेळी एकच बदल करावा, हा नियमही येथे पाळावा. अन्यथा कोणत्या बदलाने काय घडले हे समजत नाही. निदान पूर्ण होताच हे तात्पुरते संदेश काढून टाकावेत.

त्रुटींचे प्रमुख प्रकार :

अ) डेटाबेसशी संपर्क :
या टप्प्यावरील संदेशात एक क्रमांक असतो व तो पुष्कळ काही सांगतो. २००२ हा क्रमांक डेटाबेस सर्व्हरपर्यंत पोहोचताच आले नाही, असे सुचवितो. तो सुरू आहे काय, तसेच त्याचे ३३०६ हे नेहमीचे पोर्ट दुसऱ्या प्रोग्रॅमने व्यापले आहे काय, हे तपासावे. १०४५ हा क्रमांक वापरकर्त्याचे नाव किंवा पासवर्ड नाकारल्याचे, १०४९ हा त्या नावाचा डेटाबेस नसल्याचे, तर ११४६ हा तक्ता नसल्याचे दर्शवितो. येथे एक गल्लत नेहमी होते. १०४५ मधील पासवर्ड हा डेटाबेसचा असतो, संकेतस्थळावर लॉगिन करणाऱ्या व्यक्तीचा नव्हे.

आ) कालबाह्य फंक्शन्स :
जुन्या पुस्तकांतील स्क्रिप्ट न चालण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. डेटाबेसशी बोलणारी पीएचपीची मूळ मायएसक्यूएल फंक्शन्स २०१३ मधील ५.५ या आवृत्तीत कालबाह्य ठरविण्यात आली आणि डिसेंबर २०१५ मधील ७.० या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली. त्यामुळे ‘अपरिचित फंक्शन’ असा संदेश येतो व स्क्रिप्ट थांबते. त्यांच्या जागी मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ वापरावे लागते. केवळ फंक्शनच्या नावात ‘आय’ हे अक्षर वाढवून मात्र काम होत नाही. जुन्या पद्धतीत प्रश्न आधी व जोडणी नंतर लिहिली जाई. मायएसक्यूएलआयमध्ये जोडणी आधी द्यावी लागते.

त्याहूनही जुन्या स्क्रिप्टमध्ये फॉर्ममधील रकान्याचे नाव थेट चल म्हणून वापरलेले आढळते. ही सोय २००२ मधील ४.२ या आवृत्तीपासून मुळात बंद ठेवण्यात आली व २०१२ मधील ५.४ या आवृत्तीत पूर्णतः काढण्यात आली. अशा स्क्रिप्टमध्ये नाव व पासवर्ड सदैव रिकामेच राहतात.

इ) पासवर्डची पडताळणी :
पासवर्ड अचूक असूनही तो चुकीचा ठरतो, अशी तक्रार या टप्प्यावर येते. पीएचपी ५.५ पासून पासवर्डचे हॅश तयार करणारे व त्याची पडताळणी करणारे अशी दोन स्वतंत्र फंक्शन्स उपलब्ध आहेत. बीक्रिप्ट पद्धतीने तयार झालेला हॅश ६० अक्षरांचा असतो. तक्त्यातील रकाना जुन्या एमडी५ हॅशसाठी ३२ अक्षरांचा केलेला असेल आणि डेटाबेसची काटेकोर पद्धत बंद असेल, तर उरलेली अक्षरे कापली जातात. नोंदणी यशस्वी झाल्याचे दिसते. लॉगिन मात्र कधीच होत नाही. यासाठी रकान्याची लांबी २५५ ठेवणे इष्ट होय.

दुसरी चूक तर्काची आहे. लॉगिनच्या वेळी पासवर्डचा पुन्हा हॅश करून तो साठविलेल्या हॅशशी ताडला जातो. परंतु प्रत्येक वेळी त्यात नवा यादृच्छिक अंश मिसळला जात असल्याने एकाच पासवर्डचे दोन हॅश जुळत नाहीत. तुलना पडताळणीच्या फंक्शनकडेच सोपवावी लागते.

ई) सेशन व हेडर :
‘हेडर आधीच पाठविले गेले आहेत’ हा संदेश नवशिक्यांना सर्वाधिक गोंधळात टाकतो. सेशनची कुकी व पुढील पानाकडे नेणारा आदेश हे दोन्ही हेडरमधून जातात आणि हेडर पानातील मजकुरापूर्वी जाणे बंधनकारक असते. सेशन सुरू करण्यापूर्वी एखादी रिकामी ओळ जरी बाहेर पडली, तरी हा क्रम बिघडतो. मजकूर कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीवर सुरू झाला, हे त्याच संदेशात लिहिलेले असते. दोष शोधायचा तो तेथे.

ती ओळ पहिलीच असेल आणि तिच्यापूर्वी काहीही दिसत नसेल, तर फाइलच्या आरंभी असलेल्या तीन अदृश्य बाइट्सचा संशय घ्यावा. विंडोजमधील नोटपॅडमध्ये फाइल यूटीएफ-८ स्वरूपात साठविल्यास हे चिन्ह आपोआप जोडले जाई. २०१९ मधील विंडोज १० च्या सुधारणेनंतर मूळ पर्याय चिन्हाविना झाला. देवनागरी मजकुरासाठी यूटीएफ-८ निवडावे लागत असल्याने मराठी संकेतस्थळ तयार करणाऱ्यांना ही अडचण विशेष जाणवत असे. फाइल ‘चिन्हाविना यूटीएफ-८’ या स्वरूपात साठविल्यास ती दूर होते.

लोकलहोस्ट व १२७.०.०.१ हे दोन्ही पत्ते एकाच संगणकाचे असले तरी ब्राउझर त्यांना दोन भिन्न स्थळे मानतो. एका पत्त्यावर लॉगिन करून दुसऱ्या पत्त्यावरील पान उघडल्यास कुकी जात नाही व सेशन हरवल्यासारखे भासते.

उ) देवनागरी पासवर्ड :
मराठी वापरकर्त्यांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा विचारात घ्यावा लागतो. ‘वाऱ्या’ या शब्दातील जोडाक्षर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून टंकलिखित करता येते, तसेच साधा ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही करता येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. बाइट्स मात्र भिन्न असल्याने पासवर्ड जुळत नाही. शिवाय यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स व्यापते आणि बीक्रिप्ट पद्धत पहिले ७२ बाइट्सच विचारात घेते. म्हणजे २४ चिन्हांपुढील मजकुराला अर्थ उरत नाही.

फसवे उपाय :
वरील त्रुटींपुढे हतबल झालेला विद्यार्थी काही सोपे मार्ग निवडतो. आदेशापूर्वी ‘@’ हे चिन्ह लावून इशारा दडपला जातो. जुनी फंक्शन्स चालावीत म्हणून पीएचपीची जुनी आवृत्ती बसविली जाते, परंतु ५.६ या आवृत्तीच्या सुरक्षा सुधारणा डिसेंबर २०१८ मध्येच थांबल्या. हॅश जुळत नाही म्हणून पासवर्ड आहे तसाच साठविला जातो. या प्रत्येक उपायाने लॉगिन ‘चालू’ होते आणि धोका मात्र कायम राहतो किंवा वाढतो.

हा धोका काल्पनिक नाही. डिसेंबर २००९ मध्ये रॉकयू या अमेरिकी कंपनीच्या डेटाबेसमधून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर पडले. एसक्यूएल इंजेक्शनच्या मार्गाने आत शिरकाव झाला आणि पासवर्ड साध्या मजकुरात साठविलेले होते. फॉर्ममधील नाव थेट प्रश्नात जोडले, तर एक अवतरणचिन्ह व नेहमी सत्य ठरणारी अट लिहून कोणीही पासवर्डाविना आत येऊ शकतो. प्रश्नाचा साचा व त्यातील मूल्ये स्वतंत्रपणे पाठविणारी प्रीपेअर्ड स्टेटमेंट पद्धत हा त्यावरील उपाय होय. भारतातही २०११ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत पासवर्डचा समावेश संवेदनशील वैयक्तिक माहितीत करण्यात आला होता.

काही दोष तर कोणताही संदेश देत नाहीत. लॉगिन न केलेल्या व्यक्तीस लॉगिनच्या पानाकडे पाठविणाऱ्या आदेशानंतर स्क्रिप्ट थांबविली नाही, तर उर्वरित पान तयार होऊन बाहेर पाठविले जाते. ब्राउझर ते दाखवीत नाही. पण अन्य साधनाने ते सहज वाचता येते. म्हणून योग्य पासवर्डने प्रवेश मिळाला एवढ्यावर चाचणी संपत नाही. चुकीचा पासवर्ड, रिकामा फॉर्म, अवतरणचिन्ह असलेले नाव, लॉगिन न करता थेट उघडलेले आतील पान आणि लॉगआउटनंतर पुन्हा मागितलेले तेच पान, अशा प्रत्येक प्रसंगी प्रवेश नाकारला जातो काय, हे पाहावे लागते.

चाचणी सर्व्हरकडून प्रत्यक्ष सर्व्हरकडे :
स्थानिक संगणकावर चाललेली स्क्रिप्ट प्रत्यक्ष सर्व्हरवर अडखळू शकते. विंडोजवर फाइलच्या नावातील लहान-मोठ्या रोमन अक्षरांत सामान्यतः भेद केला जात नाही. लिनक्सवर तो केला जातो, आणि मायएसक्यूएलमधील तक्त्यांच्या नावांनाही तेच लागू पडते. चाचणी सर्व्हरवर मजकूर तात्पुरता अडवून ठेवण्याची सोय सुरू असेल, तर हेडरचा दोष तेथे झाकला जातो व प्रत्यक्ष सर्व्हरवर उघड होतो. याउलट, त्रुटी पडद्यावर दाखविण्याची सोय मात्र प्रत्यक्ष सर्व्हरवर बंद करणे अगत्याचे असते, कारण त्या संदेशांतून फाइलींचे मार्ग व तक्त्यांची नावे बाहेर जातात. झॅम्पमध्ये डेटाबेसच्या मुख्य वापरकर्त्याला सुरुवातीस पासवर्ड नसतो. तशी व्यवस्था प्रत्यक्ष सर्व्हरवर नेणे म्हणजे घराला दार करून कडी न लावणे होय.

निष्कर्ष :
१. लॉगिन स्क्रिप्टमधील त्रुटी टप्प्याटप्प्याने तपासल्यास तिचे स्थान निश्चित करता येते. त्रुटीचा संदेश हा अडथळा नसून मार्गदर्शक असतो.
२. जुन्या पुस्तकांतील स्क्रिप्ट न चालण्याचे कारण पुष्कळदा आवृत्तीतील बदल हे असते, आणि ते बदल बहुतांशी सुरक्षेसाठीच झालेले आहेत. त्यांना बगल देण्याऐवजी ते समजून घेणे हितावह ठरते.
३. योग्य व्यक्तीला आत घेणे हे लॉगिनचे निम्मे काम होय. अयोग्य व्यक्तीला बाहेर ठेवणे हे उरलेले निम्मे. पहिले बिघडले तर वापरकर्ता लगेच तक्रार करतो. दुसरे बिघडले तर कोणीच तक्रार करीत नाही. म्हणूनच प्रकल्पांच्या मूल्यमापनात पहिल्याइतकीच दुसऱ्याचीही चाचणी घेतली जाणे गरजेचे आहे.