पहिला प्लॅस्टिक संच कोणता घ्याल?

दिवाळी जवळ आली की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या सोसायट्यांच्या आवारात मातीचे किल्ले उभे राहतात. अशा किल्ल्यावरचा मावळा पुष्कळदा बुरुजाएवढा उंच असतो. महाराज तर दरवाजातून आत जाऊच शकणार नाहीत! किल्ल्यात हे चालून जाते. परंतु प्लॅस्टिकचे सुटे भाग जुळवून विमानाची किंवा जहाजाची प्रतिकृती करताना प्रत्येक भाग एकाच प्रमाणात लहान केलेला असतो. हे प्रमाण न पाहता, खोक्यावरच्या चित्राला भुलून साठवलेले पैसे खर्च केले, तर संच अर्धवट राहतो आणि माळ्यावर जातो. म्हणून खरेदीपूर्वी थोडे गणित करू या.

खोक्यावर १/७२, १/४८, १/७०० असा अपूर्णांक छापलेला असतो. १/७२ म्हणजे मूळ वस्तूची ७२ सेंटिमीटर लांबी प्रतिकृतीत १ सेंटिमीटर होते. मिग-२१ हे लढाऊ विमान १९६३ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत आपल्या हवाई दलात होते. त्याच्या पंखांच्या दोन टोकांमधील अंतर सुमारे ७१५ सेंटिमीटर. त्याला ७२ ने भागा. उत्तर येते जवळजवळ १० सेंटिमीटर, म्हणजे तळहातावर मावणारे विमान! १/४८ प्रमाणात तेच सुमारे १५ सेंटिमीटर भरेल.

आता २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेली विमानवाहू ‘विक्रांत’ घ्या. तिची लांबी २६२ मीटर. १/७२ प्रमाणात ती साडेतीन मीटरांहून मोठी होईल. पलंगावरसुद्धा मावणार नाही. म्हणून मोठ्या जहाजांसाठी १/७०० हे प्रमाण वापरतात. मग ती सुमारे ३७ सेंटिमीटर भरते. आपली बारा डब्यांची लोकलही करून पाहा. एक डबा सुमारे २० मीटरांचा. आगगाड्यांच्या प्रतिकृतींत रूढ असलेल्या १/८७ प्रमाणात सगळी गाडी पावणेतीन मीटर लांब होईल. तेव्हा आधी घरातील फळी मोजा, मग संच निवडा.

मात्र लहान प्रतिकृती म्हणजे सोपी प्रतिकृती नव्हे. १/७०० प्रमाणात १७० सेंटिमीटर उंचीचा खलाशी अवघा अडीच मिलिमीटरांचा होतो. मग कठडे, तोफा, शिड्या किती बारीक असतील याची कल्पना करा! असे भाग चिमट्यातून निसटून हरवतात. एकावर एक दोन पंख असलेले जुन्या काळचे विमानही प्रथम टाळावे. वरचा पंख बारीक खांबांवर सरळ बसवणे सरावलेल्या हातांनाही जड जाते. पहिल्या वेळी एका आसनाचे, एक इंजिनाचे, १/७२ प्रमाणातील विमान बरे. भागांची संख्या तीस ते साठ असावी. गोंदाशिवाय खटकन बसणारे संचही मिळतात. तेही सुरुवातीला उत्तम.

आता गोंदाचा प्रश्न. शाळेत वापरतो तो पांढरा गोंद येथे का चालत नाही? कागद आणि लाकूड यांना सूक्ष्म छिद्रे असतात. गोंद त्यांत शिरतो, त्यातील पाणी उडून जाते व पकड बसते. या संचांचे भाग बहुधा पॉलिस्टायरीनचे असतात. त्यांच्या गुळगुळीत पृष्ठभागात गोंदाला शिरायला जागाच नसते, म्हणून तो सुकल्यावर सोलून निघतो. प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींसाठी मिळणाऱ्या खास गोंदात द्रावक असतो. तो दोन्ही कडा किंचित विरघळवतो, पॉलिस्टायरीनच्या लांबलचक रेणूसाखळ्या एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर दोन तुकड्यांचा एकच तुकडा होतो. हे चिकटवणे नव्हे, सांधणेच होय! पण याच गुणामुळे वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक काच त्या गोंदाने धुरकट होते. तेथे मात्र आपला पांढरा गोंदच कामी येतो. द्रावकाची वाफ हुंगू नये आणि ती पेटही घेते. म्हणून खिडकी उघडी ठेवा. गॅसच्या शेगडीपासून व निरांजनापासून दूर बसा.

रंग देण्यापूर्वी भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. साच्यातून भाग सहज सुटावेत म्हणून लावलेल्या पदार्थाचा अंश त्यांवर राहिला असेल, तर रंग धरत नाही. पाणी उकळते नको. शंभर अंशांच्या सुमारास पॉलिस्टायरीन मऊ पडून वाकते. पावसाळ्यात आपल्याकडे हवा दमट असते. रंगातील द्रावक झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प जमते आणि काही रंगांवर पांढुरकी झाक येते. म्हणून रंगकामाला कोरडा दिवस निवडा.

शेवटी एक प्रयोग. भाग ज्या चौकटीला जोडलेले असतात तिचे दोन तुकडे कापा. ते टोकाला टोक लावून खास गोंदाने जोडा व दोन दिवस ठेवा. तसेच दोन तुकडे पांढऱ्या गोंदाने जोडा. मग दोन्ही जोड वाकवून पाहा. कोणता आधी सुटतो, कोठे तुटतो आणि का, ते वहीत लिहा. विमानाला गोंद लावण्यापूर्वी एवढे केलेत, तर तुमचा पहिला संच माळ्यावर न जाता फळीवर दिमाखात उभा राहील.