दिवसभर पाण्यात, तरी शरीर कोरडे : उन्हाळी सहलीला निघण्यापूर्वी

परीक्षा संपून शाळांना सुटी लागली की वस्तीत एकच विषय निघतो, यंदा कुठे जायचे? पाटणादेवी, पितळखोरा मुलांचे पाहून झालेले असते. मोबाईलवर त्यांनी पाण्याच्या उंच घसरगुंड्या आणि उलटे फिरणारे पाळणे पाहिलेले असतात. मग गल्लीतल्या महिला भिशीतले पैसे बाजूला काढतात, दहा-बारा घरे मिळून गाडी ठरते. कोणी शिर्डीच्या वॉटर पार्कला जातात, तर कोणी थेट खोपोलीच्या इमॅजिकाला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळ २०१३ साली सुरू झालेले हे मोठे पार्क आता चाळीसगावच्या मुलांनाही तोंडपाठ आहे.

जरूर जावे. वर्षभर राबणाऱ्या माणसांनी आणि त्यांच्या मुलांनी एक दिवस हसून-खेळून घालवणे हीसुद्धा आरोग्याचीच गोष्ट आहे. पण अशा सहलीहून परतल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घराघरांत कोणाला ताप, कोणाला उलट्या-जुलाब, कोणाला गरगरणे सुरू होते. आपण म्हणतो, 'बाहेरचे खाल्ले' किंवा 'पाणी बाधले'. पुष्कळदा खरे कारण वेगळे असते. तिकीट महाग असते, म्हणून 'पैसे वसूल' करण्यासाठी आपण सकाळी फाटक उघडल्यापासून संध्याकाळी बंद होईपर्यंत न थांबता फिरतो. त्या हिशेबात पाणी, सावली आणि विसावा या तीन गोष्टी सुटतात.

ओले असणे म्हणजे पाणी पिणे नव्हे

वॉटर पार्कमध्ये सगळ्यात जास्त फसवणूक होते ती इथे. मूल चार तास पाण्यात असते, म्हणून त्याला ऊन लागणार नाही असे आपण धरून चालतो. पण कातडी पाणी पीत नाही. पाण्यात खेळताना, पळताना घाम येतच असतो; अंग ओले असल्याने तो कळत नाही एवढेच. शिवाय पाण्यात बराच वेळ राहिले की लघवी जास्त होते. म्हणजे पाणी दोन्ही वाटांनी बाहेर जाते आणि अंग गार असल्यामुळे तहान मात्र लागत नाही.

म्हणून तहानेची वाट पाहू नका. उन्हात असताना दर अर्ध्या तासाला मोठ्यांनी एक ग्लास आणि मुलांनी अर्धा ग्लास पाणी प्यावे. (हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर त्यांना विचारूनच माप ठरवावे.) पाणी पुरते की नाही हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे लघवीचा रंग. लिंबूपाण्यासारखा फिकट असेल तर ठीक, कोऱ्या चहासारखा गडद असेल तर शरीर कोरडे पडले आहे.

माता-भगिनींसाठी हे जरा स्पष्टच सांगायला हवे. प्रवासात स्वच्छतागृह मिळणार नाही, मिळाले तर घाण असेल, पुरुषांच्या गाडीत थांबा कसा मागायचा, या विचाराने अनेक जणी आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडतात. आई पीत नाही, म्हणून तिचे पाहून मुलगीही पीत नाही. मग दिवसभर उन्हात डोके दुखते, पायात गोळे येतात आणि घरी आल्यावर लघवीला जळजळ सुरू होते. यावर उपाय पाणी तोडणे हा नाही. गाडी ठरवतानाच दर दोन तासांनी थांबा ठरवून घ्या, आणि तो पुरुषांनी स्वतःहून सांगावा, बायकांना मागायला लावू नये. पार्कमध्ये तर स्वच्छतागृहे असतात. तिथे संकोच नको.

आपले ४४ आणि तिथले ३८

आपण खान्देशची माणसे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तरी आपण कामाला जातोच. त्यामुळे 'आम्हाला उन्हाची सवय आहे' असे आपण म्हणतो. पण आपले ऊन कोरडे आहे. घाम येतो, लगेच सुकतो आणि सुकताना अंग गार करतो. खोपोली रायगड जिल्ह्यात, घाटाच्या पायथ्याशी आहे. तिथल्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता निथळतो, आणि अंगातली उष्णता अंगातच राहते. त्यामुळे तिथले ३८ अंश आपल्या ४४ पेक्षा जड जाऊ शकतात.

याच रायगड जिल्ह्यात, खारघरला, १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम भर उन्हात झाला. पारा चाळिशीच्या आतच होता. तरीही तासन् तास उघड्यावर बसलेल्या लोकांपैकी १४ जणांचा मृत्यू झाला. माणूस फक्त पाऱ्यामुळे दगावत नाही. उन्हात किती वेळ काढला, सावली मिळाली की नाही आणि पोटात पाणी किती होते, यावर सगळे ठरते.

दुपारी १२ ते ४ : हा वेळ वाया जात नाही

सकाळी लवकर आत जा, मोकळ्या जागेतले खेळ ११-१२ वाजेपर्यंत उरका. त्यानंतर ४ वाजेपर्यंत छताखालचे खेळ, जेवण, सावलीत पडणे. मुले रडतील, पण चार तास सावलीत काढलेले मूल संध्याकाळी पुन्हा दोन तास आनंदाने खेळते. न थांबलेले मूल तीन वाजताच आडवे होते. पैसे वसूल होतात ते असे.

बहुतेक पार्कमध्ये बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. म्हणून दशम्या, शेंगदाण्याची चटणी गाडीत ठेवा आणि आत जाण्यापूर्वी पोटभर खाऊन घ्या. उपाशी पोटी उन्हात फिरू नका. बटाट्याची भाजी, मसालेभात असले लवकर आंबणारे पदार्थ तापलेल्या गाडीत ठेवू नका. औषधे आणि तान्ह्या बाळाचे खाणे सहसा अडवत नाहीत, तरी आधी फोन करून विचारून घ्या. तापलेल्या फरशीवर अनवाणी फिरून पायाला फोड येतात, म्हणून रबरी चप्पल हवी.

घाम खूप गेला असेल तर नुसते पाणी पुरत नाही, मीठही लागते. कैरीचे पन्हे, मीठ घातलेले ताक, लिंबू-साखर-मिठाचे सरबत ही आपली जुनी पेये यासाठीच चांगली आहेत. खिशात कांदा ठेवल्याने मात्र ऊन लागायचे थांबत नाही. तो जेवणात खावा. जुलाब किंवा उलट्या झाल्या तर ओआरएसचे पाकीट पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण विरघळवून द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. दुकानातली ओआरएससारखी दिसणारी गोड खोकी घेऊ नका. त्यांत साखर फार असते आणि जुलाब वाढू शकतात. २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला मनाई केली आहे.

कोणी कशात बसू नये

गरोदर महिला, हृदयाचा आजार असलेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले, फिट येणारे, मान-कंबरेचा त्रास असलेले आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले यांनी वेगाच्या पाळण्यात बसू नये. पाळण्यापाशी तसा फलक असतो. कोणीतरी तो मोठ्याने वाचून दाखवावा. मुलाची उंची कमी भरली तर त्याला चवड्यांवर उभे करून आत ढकलू नका. पाळण्याचा पट्टा त्या उंचीच्या मापाने बनवलेला असतो. लहान अंग त्यातून निसटू शकते.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. मनाच्या आजारावरील काही औषधांनी घाम कमी येतो. अशांनी गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत, पण निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी जेवणाची वेळ चुकवू नये आणि इन्सुलिन तापलेल्या गाडीत ठेवू नये.

आणखी एक आजार आपल्याच घरांशी जोडलेला आहे, तो म्हणजे सिकलसेल. नंदुरबार-धुळ्याकडच्या आदिवासी बांधवांत तो आढळतो, तसाच विदर्भातल्या बौद्ध समाजातही. आपल्या सोयरिकी नागपूर-अमरावतीपर्यंत आहेत, म्हणून चाळीसगावातल्या घरांनीही तो ओळखावा. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. शरीर कोरडे पडणे, अति दमणे आणि अंगाला एकदम गारठा लागणे या तिन्हींनी तीव्र दुखणे उसळते. आणि वॉटर पार्कमध्ये तिन्ही एकाच दिवशी होतात. असे मूल असेल तर त्याला सहलीतून वगळू नका. डॉक्टरांना विचारा, गार पाण्यात थोडाच वेळ ठेवा, लगेच कोरडे कपडे घाला, पाणी पाजत राहा. हात-पाय, छाती किंवा पोट दुखू लागले तर खेळ थांबवून रुग्णालय गाठा. ज्यांच्या नात्यात हा आजार आहे त्यांनी तपासणी करून घ्यावी. जुलै २०२३ पासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

पाण्यातली नजर

बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे ओरडत नाही. तोंड पाण्याखाली गेल्यावर आवाजच निघत नाही, आणि गर्दीत ते कोणाला दिसतही नाही. म्हणून लहान मूल हाताच्या अंतरावर हवे, विशेषतः लाटांच्या तलावात. 'सगळेच लक्ष ठेवतील' असे म्हटले की कोणीच ठेवत नाही. अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी लावा, आणि पाळी असलेल्याने मोबाईल दुसऱ्याकडे द्यावा. हवेची फुगवलेली ट्यूब म्हणजे जीवरक्षक साधन नव्हे.

तलावाचे पाणी गिळू नये हे मुलांना आधीच शिकवा. पाण्यात क्लोरीन असते, तरी जुलाबाचे काही जंतू त्यात तग धरतात. म्हणून जुलाब लागलेल्या मुलाला पाण्यात उतरवू नका. त्याच्यामुळे इतरांचीही मुले आजारी पडतात. पाण्यात उतरण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर साध्या पाण्याने अंघोळ करावी.

ऊन लागले तर

डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, पायात गोळे, खूप घाम ही पहिली पायरी. तेव्हाच सावलीत निजवा, पाय थोडे उंच करा, घोट-घोट पाणी द्या, ओल्या फडक्याने अंग पुसा. अर्ध्या तासात बरे वाटले नाही तर दवाखाना.

अंग चटका बसेल इतके तापले, माणूस असंबद्ध बोलू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे. घाम येत असला तरी तो उष्माघात असू शकतो. १०८ ला फोन करा, पार्कच्या प्रथमोपचार केंद्राला हाक द्या, आणि गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, जोराने वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते.

गाडी कोणाच्या हाती?

खोपोलीला जायचे तर कल्याणपर्यंत रेल्वे आणि पुढे कर्जत-खोपोली लोकल हा मार्ग सर्वांत कमी थकवणारा आहे. खासगी गाडी केली तर बसायच्या जागेइतकीच माणसे घ्या. रात्रभर गाडी चालवून आणलेला चालक दिवसा झोपला पाहिजे; तो आपल्याबरोबर पाळण्यात बसला आणि रात्री पुन्हा कसारा घाट उतरवून-चढवून गाडी आणायला बसला, तर सगळ्या गाडीचा जीव टांगणीला लागतो.

चाळीसगावकरांना हे वेगळे सांगायला नको. १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खान्देशात आले होते. आपल्या स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला टांगेवाले तयार होईनात, म्हणून सवय नसलेल्या आपल्याच माणसाने लगाम धरला. वाटेत टांग्याचे चाक अडकले, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. तेव्हा आपल्या माणसांपुढे दुसरा मार्ग ठेवला गेला नव्हता. आज आहे. जाणता आणि झोप झालेला चालक मागा. दोनशे रुपये वाचवण्यासाठी तो सोडू नका.

निघण्याच्या आदल्या दिवशी

- प्रत्येकाची पाण्याची बाटली, ओआरएसची पाकिटे, नेहमीच्या गोळ्या
- टोपी किंवा उपरणे, कोरडे सुती कपडे, रबरी चप्पल
- लहान मुलांच्या खिशात पालकांचा मोबाईल क्रमांक लिहिलेला कागद, प्लास्टिकमध्ये गुंडाळून
- कोणाला कोणता आजार आहे, याची यादी एका जबाबदार व्यक्तीकडे
- रात्री पूर्ण झोप

सहलीची बैठक विहारात होत असेल तर पैशांचा हिशेब झाल्यावर हे पानही वाचून दाखवा. गेली तेवढी सगळी माणसे हसत परत आली, म्हणजे सहलीचे पैसे वसूल झाले.