कोरकू भाषा आणि तिचा सूर

भोपाळहून दक्षिणेस नर्मदा ओलांडली, की सातपुड्याच्या सागवनांत कोरकू भाषेचा प्रदेश लागतो; तो पुढे आपल्या मेळघाटापर्यंत पसरला आहे. हिंदी-मराठीच्या वेढ्यात राहूनही ही त्यांची बोली नव्हे. संथाळी, मुंडारी या तिच्या भगिनी दूर पूर्वेस आहेत. मुंडा कुळाचे हे पश्चिम टोक होय. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. तेव्हा ‘कोरकू’ म्हणजे केवळ ‘माणसे’. संस्कृताप्रमाणे तिच्यात द्विवचनही आहे. 2011 च्या जनगणनेत सुमारे 7 लाख 27 हजार लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदविली. तिच्यात सूर खाली उतरला, की शब्दाचा अर्थही पालटू शकतो. देवनागरीच्या रूढ लेखनात मात्र त्या सुराला चिन्ह नाही. ते योजल्यावाचून कोरकूचे लेखन अपुरेच राहील.