वाढते अंतर : पीतबिंदूच्या उपचारातील एक संकल्पना

वाचन हे ज्यांच्या अभ्यासाचे मुख्य साधन आहे, त्यांना त्या साधनाचा शारीरिक आधार बहुधा तो ढळू लागल्यावरच जाणवतो. दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेला पीतबिंदू हा तो आधार होय. जोडाक्षर उलगडणे, अनुस्वार व रफार ओळखणे ही कामे त्याच्यावाचून होत नाहीत. उतारवयात काहींच्या पीतबिंदूचा ऱ्हास होतो. या ऱ्हासाच्या ‘ओल्या’ प्रकारात दृष्टिपटलाखाली नव्या, दुबळ्या रक्तवाहिन्या वाढतात व त्यांतून द्रव आणि रक्त झिरपते. मग सरळ शिरोरेषा वाकडी दिसू लागते, ओळीच्या मध्यावर डाग येतो. मोतीबिंदू व काचबिंदू यांच्याशी नामसादृश्य असले तरी हा विकार निराळा आहे. मोतीबिंदूप्रमाणे एका शस्त्रक्रियेने तो निकालात निघत नाही.

या वाहिन्यांची वाढ रोखणारे रॅनिबिझुमॅब हे औषध अमेरिकेत २००६ साली या विकारासाठी संमत झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘मरिना’ चाचणीत, ज्यांना ते दरमहा दिले गेले त्यांपैकी सुमारे ९५ टक्के रुग्णांची दृष्टी वर्षभरात फारशी घटली नाही. ते न मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ६२ टक्के होते. मात्र डोळ्यात टोचलेल्या औषधाचा प्रभाव काही आठवड्यांत ओसरतो. ते किती दिवसांनी पुन्हा द्यावे, हा प्रश्न तेथूनच उद्भवतो.

त्याची तीन उत्तरे दिली गेली आहेत. पहिले, दरमहा ठरावीक इंजेक्शन. दुसरे, गरजेपुरते : द्रव दिसला तरच सुई. यात सुया वाचतात, परंतु द्रव वेळीच दिसावा म्हणून तपासणी वरचेवर करावीच लागते. तिसरे उत्तर ‘ट्रीट अँड एक्स्टेंड’ या नावाने ओळखले जाते. यात प्रारंभी दरमहा इंजेक्शने देऊन दृष्टिपटल कोरडे करतात. त्यानंतर प्रत्येक भेटीत ओसीटी या प्रतिमातपासणीबरोबर इंजेक्शनही देतात. पटल कोरडे असेल तर पुढील भेट साधारणतः दोन आठवड्यांनी लांबवतात, द्रव परतला तर अंतर पुन्हा कमी करतात. सुया आणि खेपा दोन्ही त्यामुळे घटतात. कॅनडातील ‘कॅनट्रीट’ चाचणीत दोन वर्षांत या पद्धतीने सरासरी १७.६ इंजेक्शने लागली, दरमहा पद्धतीने २३.५, दृष्टीचा लाभ मात्र तुल्यबळ राहिला.

दिल्लीच्या संदर्भात या फरकाचे महत्त्व विशेष आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्र १९६७ साली स्थापन झाले. तेथे राजधानीबाहेरूनही रुग्ण येतात. फरीदाबाद वा गाझियाबादहून येणाऱ्या वृद्धाची प्रत्येक खेप म्हणजे सोबतच्या मुलाची वा सुनेची एक रजा असते. एक खेप वाचणे ही केवळ सोय नव्हे. उपचार तडीस जाणे पुष्कळदा त्यावरच अवलंबून असते.

परंतु येथेच भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. ‘आता दोन महिन्यांनी या’ हे वाक्य इंग्रजी-हिंदी मिश्रित बोलीतून मराठी आजोबांच्या कानी पडते, तेव्हा ‘आता बरे वाटते आहे, सुई संपत आली’ असा त्याचा अर्थ लावला जाणे स्वाभाविक आहे. ‘उपचार’ या शब्दाला आपण सवयीने शेवट गृहीत धरतो. येथे शेवट नव्हे, अंतर बदलते. कोरडे पटल हे औषधाच्या चालू प्रभावाचे लक्षण असू शकते, रोग गेल्याचे नव्हे. भेट चुकली तर द्रव साचून झालेली हानी नंतरच्या सुईने पूर्णतः भरून येईलच असे नाही.

म्हणून या पद्धतीला मराठीत ‘वाढत्या अंतराचा उपचार’ म्हणावे, असे सुचवावेसे वाटते. त्यात ‘अंतर’ वाढते आणि ‘उपचार’ कायम राहतो, या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या जातात. एका वेळी एकच डोळा उघडा ठेवून छापील ओळ पाहावी. शिरोरेषा वाकलेली दिसल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञाकडे जावे, हेही त्यासोबत सांगितले जावे.