बर्फावरची वाट आणि अर्ध्या तासाचे विमान

कॅनडाच्या नकाशावर अगदी माथ्याकडे, मॅकेन्झी नदी आर्क्टिक महासागराला मिळते त्या प्रदेशात, इनुविक आणि टुक्टोयाक्टुक ही दोन गावे आहेत. पहिले साडेतीन हजारांच्या आतबाहेर वस्तीचे, दुसरे जेमतेम नऊशेंचे. नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर दोहोंमधील अंतर सुमारे १२५ किलोमीटर भरते आणि लहानसे विमान ते अर्ध्या तासाच्या आसपास तोडते. परंतु या अर्ध्या तासाचे मोल समजण्यासाठी तेथील भूमी जाणून घेतली पाहिजे.

२०१७ पर्यंत या दोन गावांना जोडणारा बारमाही रस्ता नव्हता. हिवाळ्यात नदी आणि समुद्र गोठले की त्या बर्फावरूनच १८७ किलोमीटरची वाट आखली जाई व तिच्यावरून मालमोटारीदेखील धावत. उन्हाळ्यात होडी अथवा विमान. मात्र बर्फ धरण्याच्या आणि फुटण्याच्या दिवसांत होडीही चालेना, मोटारही चालेना. मग आजाऱ्याला इस्पितळात न्यावयाचे असो की दुकानात भाजी आणावयाची असो, सारी भिस्त विमानावर. साहजिकच रोजच्या जिन्नसांना विमानभाड्याची किंमत चढे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये सुमारे १४० किलोमीटरचा खडीचा रस्ता खुला झाला. कॅनडातून आर्क्टिक किनाऱ्यापर्यंत पोहोचणारा हा पहिला बारमाही सार्वजनिक मार्ग होय. त्याला सुमारे ३० कोटी कॅनेडियन डॉलर खर्च आला. तेथील जमीन खोलवर कायमची गोठलेली असते. वरचा थर खरवडला की आतील बर्फ वितळून जमीन खचते. म्हणून इंजिनिअरांनी खोदकाम टाळले. बहुतेक काम ऐन थंडीत केले आणि जमिनीवर विशिष्ट कापड अंथरून त्यावर खडीचा जाड भराव घातला. आता हा प्रवास मोटारीने अडीच-तीन तासांत होतो.

इनुव्हियालुइट लोकांची कित्येक वर्षांची मागणी अशी पुरी झाली. आप्तांकडे जाणे सोपे झाले, प्रवासी येऊ लागले. पण नियतीचा खेळ असा की, रस्ता आला आणि गावाच्या पायाखालची भूमीच डळमळू लागली. हवामान उबदार होत आहे, गोठलेली माती सैल पडत आहे आणि समुद्र टुक्टोयाक्टुकचा किनारा वर्षावर्षाला कुरतडत आहे. २०२० मध्ये किनाऱ्यालगतची काही घरे उचलून आत हलवावी लागली. रस्त्याचा भरावही जागोजागी खचतो आणि पुनःपुन्हा डागडुजी मागतो.

ज्या थंडीने या माणसांना शतकानुशतके जगापासून दूर ठेवले, तिच्याच आधारावर त्यांची घरे उभी होती. अंतर मिटले, आता गाव टिकवावयाचे आहे.