स्त्रियांचे आयुर्मान : निसर्गाचा कल आणि समाजाची बाधा

स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक जगतात, हे विधान आज जवळजवळ सर्व देशांस लागू पडते. भारताच्या बाबतीत मात्र ते फार काळ खरे नव्हते. १९७०-७५ या कालखंडात आपल्याकडे जन्मकालीन अपेक्षित आयुर्मान पुरुषांचे ५०.५ वर्षे, तर स्त्रियांचे ४९ वर्षे होते. १९८१-८५ मध्ये स्त्रिया जेमतेम पुढे गेल्या, आणि २०१६-२० मध्ये हे आकडे अनुक्रमे ६८.६ व ७१.४ झाले. दहा वर्षांत स्त्रीची शरीररचना पालटत नाही. मग पालटले काय?

स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात. त्यामुळे एकावरील दोष दुसऱ्याकडून बहुधा भरून निघतो. पुरुषास ही सोय नाही. १९३३ च्या युक्रेनमधील दुष्काळात त्या वर्षीच्या मृत्युमानावरून काढलेले आयुर्मान स्त्रियांचे १०.८५, तर पुरुषांचे ७.३ वर्षे भरते. अशा आपत्तींत दिसणारा हा फरक मुख्यतः अर्भकांच्या मृत्यूंमुळे पडतो, आणि अर्भके तंबाखू ओढीत नाहीत. उलटपक्षी, बव्हेरियातील मठांत एकसारखे नियमबद्ध जीवन जगणाऱ्या जोगी-जोगिणींच्या आयुर्मानात एखाद्या वर्षाचेच अंतर आढळले. तेव्हा प्रौढ वयातील अंतराचा मोठा भाग धूम्रपान, मद्य व धोक्याची कामे यांच्या पदरी टाकावा लागतो.

निसर्गाचा हा कल आपल्याकडे दडपला गेला तो दोन ठिकाणी : बाळंतपणात आणि बालपणी. पहिल्या बाबतीत सुधारणा उघड आहे. एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू १९९७-९८ मध्ये ३९८ होते, ते २०१८-२० मध्ये ९७ वर आले. दुसरी बाब अधिक अवघड. मुलीच्या आहाराची व औषधपाण्याची हेळसांड कोणत्याही दाखल्यावर मृत्यूचे कारण म्हणून नोंदली जात नाही. भाषेच्या अभ्यासकास येथे ‘अहेव मरण’ हा शब्दप्रयोग आठवल्यावाचून राहत नाही. शब्दाने कोणी मरत नाही हे खरे. परंतु पत्नीने आधी जाणे हेच जिथे भाग्य ठरते, तिथे तिच्या अल्पायुष्याचे कोडे कोणाला पडावे?

म्हणून भारतापुरता विचार करताना एकूण आयुर्मानापेक्षा एक ते चार वर्षे वयाच्या मुलींचा मृत्युदर आधी पाहावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्या वयात सवयींचा प्रश्न उद्भवत नाही आणि निसर्ग मुलींच्या बाजूचा असतो. तरीही तो दर मुलग्यांहून अधिक असणे ही आपल्याकडे कित्येक दशकांची नोंद आहे.